भिंतीवरचा नकाशा

अमरावती, मंगळवार, संध्याकाळ

साहेब आले आणि गेले. महापालिकेच्या कोणत्या शाळांना दुरुस्तीचा निधी द्यायचा, हे ते पाहून ठरवणार होते. आणि आम्ही काय केलं? पाहुणा येणार म्हणून शाळा सजवली! दारात रांगोळी, पोरींच्या वेण्यांना रिबिनी. चौथीच्या वर्गाची भिंत वरपासून खालपर्यंत तडकली आहे, तर तिच्यावर महाराष्ट्राचा मोठा नकाशा टांगला. कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. सवयच तशी.

साहेब नेमके त्या नकाशापुढं उभे राहिले. "शाळा छान ठेवली मॅडम. तुमच्यापेक्षा गरजू शाळा आहेत."

मग मी नकाशा उचलून भेग दाखवली. तर म्हणतात, "एवढं तं सगळीकडंच रायते."

म्हणजे झाकलं तर गरज नाही, आणि दाखवलं तर त्यात नवल नाही. मग निधी कोणाला? मोठ्या रस्त्यावरच्या शाळेला, गेल्या खेपेसारखाच. तिकडं पुढारी राहतात. आमच्याकडं मजुरांची लेकरं. त्यांच्यासाठी कोण भांडणार? मी? मी तर रांगोळी काढत होते.

शाळा सुटल्यावर नकाशा उतरवायला गेले. चौथीतली आलिया त्याच भिंतीला टेकून बसते. म्हणाली, "मॅडम, राहू द्या ना. तो काढला का मले भेव लागते."

राहू दिला. उद्या तिची जागा बदलावी म्हणते. पण त्या वर्गात दुसरी जागा आहे कुठं?