बाजूचं दार

दादा,

तुझ्या नाट्यगृहाचा रंगमंच, तिकीटखिडकी आणि चारही दारं मी याच हातांनी केली, कुणाकडे न शिकता. बाजूचं दार वहिनी नुसत्या कोपराने उघडायची. म्हणायची, "भावजी, तुमचं दार तुमच्यापेक्षा गुणी!"

हल्लेखोर समोरून गोळ्या झाडत आत शिरले, तेव्हा ती त्याच दाराकडे धावली. फुकटे घुसतात म्हणून तू बाहेरून कुलूप घातलं होतंस. किल्ली तुझ्या खिशात होती आणि तू कचेरीतल्या टेबलाखाली. तिच्या नखांत त्या दाराचं लाकूड निघालं.

काल घरी येऊन म्हणालास, "लाकूड फुगून दार अडकलं, एवढंच चौकशीत सांग. तुझं काय जातंय? सुतार तर आहेस!"

माझं दार अडकत नाही, दादा. उद्या चौकशीच्या साहेबांसमोर ते एका बोटाने उघडून दाखवणार आहे. तू तुरुंगात गेलास की पोरांना मी सांभाळेन. आई कशी मेली असं त्यांनी विचारलं, तर तेही सांगेन.

हे पत्र टाकणार नाही. उद्या समोरासमोरच ऐक.

मी ते खोटं सांगितलं, तर वहिनीच्या मरणाची सरकारी भरपाई आली की त्यातली अर्धी तू मला देणार होतास. पाच लाख. मी नको म्हणालो.

तुझा धाकटा