एकेचाळीस नंबरचा शिक्का

मी, सटवाजी लखमाजी खिल्लारे, वय बासष्ट, पूर्वी नोकरी व आता पंपदुरुस्ती, राहणार डोंगरकडा, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरण पक्के आहे. अक्षर कापरे दिसेल, ते आजाराने नव्हे. अशा कागदात "कोणाच्याही दडपणाशिवाय" असे लिहितात. आमच्या वकीलबाई देवश्री पाठक यांनीही ते वाक्य सांगितले होते. मी ते लिहीत नाही, कारण दडपण आहे. पण ज्यांचे आहे त्यांना हा कागद नकोच आहे. तेव्हा तो मी माझ्याच मनाने लिहिला, हे उघड आहे.

१. गावठाणातील दोन खोल्यांचे घर, पुढचा ओटा व मागची न्हाणी माझी पत्नी कमलबाई हिला. तशीही ती तिचीच आहेत. मी सत्तावीस वर्षे कारखान्याच्या वसाहतीत राहिलो, भिंती तिने उभ्या केल्या. ओट्याची दीड फूट जागा आपली आहे असे माझा चुलतभाऊ सांगतो. ती त्याची नाही. मी मोजली आहे, आणि मोजणे हाच माझा धंदा होता.

२. दुकानातील शिकंजा, ड्रिल, मोटारीत तारेची वेटोळी भरण्याचे यंत्र व सर्व पाने माझा भागीदार रूपसिंग राठोड याला. त्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "तू गेल्यावर दुकान काहून चालंल रे? गिऱ्हाईक तर तुह्या शिव्या खायलाच येतेत." त्याने शिव्या शिकून घ्याव्यात. मायक्रोमीटरही त्यालाच. तो पाडू नये.

३. चौकातल्या हॉटेलचा संतराम याला मी काही देत नाही. दोन परकी माणसे घर विचारत आली, तेव्हा याने त्यांना चहा पाजून थेट माझ्या ओट्यापर्यंत आणून सोडले. वर चारचौघांत म्हणाला, "सटवाजीनं तोफगोळे इकले, आता ते उलटे फिरून राहिले." माझ्या शोकसभेला त्याने यावे, पण भाषण करू नये.

४. मी काय काम करीत होतो हे घरातही कधी नीट सांगितले नाही. ते येथे लिहितो. कारखान्याचे नाव लिहीत नाही, कारण नाव घातले तर या कागदावरच दावा लावतील, असे वकीलबाई म्हणतात. तिथे तोफगोळ्यांची पोलादी कवचे होत. आमच्याकडून ती रिकामी जात, दारू दुसरीकडे भरली जाई, मग जहाजाने परदेशी सैन्यांकडे. माल कोण वापरणार याचा दाखला वरच्या साहेबांकडे असे. आम्हाला पेटीवरचा आकडा तेवढा दिसे. आम्ही त्याला "माल" म्हणत असू. सत्तावीस वर्षांत मी एकही कवच फुटताना पाहिले नाही.

मी तपासनीस होतो. कवचाच्या भिंतीची जाडी तीन ठिकाणी मोजायची, पास झाले तर बुडाशी आपल्या नंबराचा शिक्का हातोडीने ठोकायचा. माझा नंबर एकेचाळीस.

५. माझी चूक अशी. तपासनीस रजेवर गेला तर शिक्का कार्यालयात जमा करावा असा नियम होता. तो कोणी पाळत नसे. जमा केला की लाइन दुसऱ्याच्या नंबरावर चाले, आणि परत मिळवायला तीन सह्या लागत. आपला नंबर लाइनवरून उतरू नये, यात आम्हा जुन्या लोकांना मोठा मान वाटे. दिनांक ५ मार्च २०१९ रोजी माझी आई वारली. गावी निघताना बसस्थानकावर मी शिक्का भीमराजच्या हातात दिला. तो याच गावचा. मीच त्याला कामाला लावले होते. तेव्हा तो शिकाऊ होता.

"मामा, मला मापाचं समदं येत न्हाई अजून," तो म्हणाला.

"माप बराबर असंल तरच ठोक. शंका आली की बाजूला ठेव," मी म्हणालो आणि बसमध्ये चढलो.

मी अकरा दिवस गावी होतो. त्याच दिवसांत जाडी मोजायचे यंत्र तपासणीसाठी बाहेर गेलेले होते. जहाजाची तारीख ठरलेली होती. <s>व्यवस्थापक लाइनवर समोर उभे राहून म्हणाले</s>, "मापाचं नंतर बघू, ठोका." भीमराजने न मोजता शिक्के ठोकले. मी परतलो तेव्हा त्याने रडत हे सांगितले. मी त्याला बोल बोल बोललो. माझा नंबर ठोकला म्हणजे मी हजर दिसायला हवा होतो. मग हजेरीची वही माझ्यापुढे ठेवली गेली, आणि अकरा दिवसांच्या अकरा सह्या मी एका बैठकीत, एकाच पेनाने केल्या. पोराची नोकरी वाचली, माझा नंबर वाचला, माल तर गेलाच आहे, असा विचार मी केला. दोन वर्षांनी मी निवृत्त झालो आणि माझी मुलगी ऐश्वर्या त्याला दिली. आज तो त्याच कारखान्यात पाळीचा प्रमुख आहे.

६. गेल्या सप्टेंबरात माझ्या फोनवर एक फोटो आला. पाठवणारी परदेशातली पत्रकार बाई. तिने हिंदीत विचारले होते, हा आकडा तुमचा का? गोळा तोफेच्या नळीतच फुटला होता. तोफेवरची चार मुले गेली. एकाचे वय एकोणीस. नळीत फुटला म्हणजे भिंत पातळ होती. बुडाचा तुकडा शाबूत होता आणि त्यावर एकेचाळीस.

मी दुकानात भिंग लावून पाहिले. आकडा एका अंगाला कलला होता. मी सरळ ठोकतो. भीमराज डावखुरा आहे.

त्या बाईंना मी उत्तर दिले नाही. दोन दिवस फोन बंद ठेवला. तिसऱ्या दिवशी सुरू केला आणि तेव्हापासून मला झोप नाही.

त्या बाईंनी कारखान्यालाही विचारले असावे, कारण ऑक्टोबरात तिथली दोन माणसे आली. कमलबाईने मुरमुऱ्यांचा सुशीला केला, चहा दिला. त्यांतले वयस्क गृहस्थ फार नम्र होते. त्यांनी एक छापील कागद काढला. एकेचाळीस नंबरच्या तपासनीसाने सर्व माल स्वतः तपासला, चूक त्याची एकट्याची, कंपनीला कल्पना नव्हती, असा मजकूर. मी चष्मा सापडत नाही म्हणालो. चष्मा माझ्या खिशात होता.

"जावई आमच्याकडेच आहेत ना? चांगला मुलगा आहे," ते म्हणाले. "त्यांचं नाव यायला नको, असं तुम्हालाही वाटत असेल." मग चपला घालताना म्हणाले, "वय झालं तुमचं. जपून फिरा. इकडचे रस्ते फार खराब आहेत."

कमलबाई दारातून म्हणाली, "रस्ते खराब हायेत तर तुमीच जपून जा, साहेब. आमी तर पायी चालतो."

गाडी गेल्यावर ती कपबशा उचलत म्हणाली, "खाल्लं माझ्या घरचं, अन् भेव बी मलाच दाखवून राहिले."

त्यानंतर ती पांढरी गाडी दोनदा आली. कोणी उतरले नाही. रोज सकाळी अकराला फोन येतो, पलीकडून कोणी बोलत नाही. मी उचलतो. न उचलण्याची हिंमत होत नाही.

७. पुढील गोष्टी माझ्या वारसांनी व पोलिसांनी ध्यानात ठेवाव्यात. मला पोहता येत नाही आणि मी पाण्याजवळ जात नाही. सिद्धेश्वरच्या धरणावर मी उभ्या आयुष्यात एकदा गेलो, तेही बसमधून उतरलो नाही. तेव्हा मी मासे धरायला गेलो होतो असे कोणी सांगितले तर मानू नये. मी मोटारसायकल चालवत नाही, कोणाच्या मागे बसत नाही. दारू पीत नाही. विजेचे काम मी मुख्य खटका बंद करून, दोनदा पाहून करतो. कळमनुरीच्या आठवडी बाजाराला मी आता जात नाही. मला जगण्याचा कंटाळा आलेला नाही. मला जगायचे आहे, हे मी पुन्हा लिहितो. मला जगायचे आहे.

८. माझ्याकडे पुरावा एकच आहे. दिनांक १२ मार्च २०१९ रोजी सकाळी आईच्या जलदानविधीला मी येथील विहाराला दोन पंखे दिले. विहाराचे काम पाहणारे धम्मानंद यांनी वहीत नोंद केली, खाली तारखेसह माझी सही आहे. त्याच तारखेला, सकाळच्या पाळीला, कारखान्याच्या हजेरीतही माझी सही आहे. एक माणूस एका दिवशी दोन ठिकाणी नसतो. कोणती सही खोटी हे विचारायला गावातले दीडशे जेवलेले लोक आहेत.

हे सांगितले तेव्हा धम्मानंद म्हणाले, "पान फाडून देऊ का तुला?"

"पान फाडलं तर काय कामाचं? वही पुरी पाहिजे."

"मंग मला बी भेवच देऊन चाललास की," ते म्हणाले. पण वही त्यांनी कपड्यात गुंडाळली. ती आता कुठे आहे हे मी येथे लिहीत नाही. नोंदीची प्रत वकीलबाईंकडे आहे. मी मेलो, किंवा सात दिवस माझा पत्ता लागला नाही, तर त्यांनी ती प्रत व या कागदाची नक्कल न्यायालयात द्यावी आणि त्या पत्रकार बाईंना पाठवावी. सोबत कळवावे की उत्तराला उशीर झाला, याची मला लाज वाटते.

९. गावाच्या पूर्वेकडची एक एकर दहा गुंठे केळीची जमीन माझी मुलगी <s>ऐश्वर्या भीमराज हिला</s> पत्नी कमलबाई हिला.

१०. वरील खाडाखोड का झाली ते लिहितो. पाचव्या कलमाने जावयाला तुरुंग दिसू शकतो आणि लेकीचा संसार मोडू शकतो. हे त्यांच्या पाठीमागे लिहिणे मला जमले नाही. म्हणून गेल्या रविवारी दोघांना बोलावून सर्व सांगितले.

भीमराज म्हणाला, "मामा, त्यांच्या कागदावर सही करून टाका ना. तुमचं काय ऱ्हायलं आता?"

"ऱ्हायलं म्हंजी?" ऐश्वर्या उसळली. "माझा बाप हाय तो. सामान न्हाई." मग तिने त्याला विचारले, "किती ठोकले होते तुमी?"

त्याने ताट बाजूला सारले. "मोजले न्हाईत," म्हणाला. न जेवता निघून गेला. ती त्याच्यामागे गेली. तीन दिवस फोन नाही. मला वाटले, मी लेक गमावली. याची भीती पांढऱ्या गाडीपेक्षा मोठी होती.

आज दुपारी तो एकटाच बसने आला. "कागद दाखवा," म्हणाला. ओट्यावर बसून त्याने सगळा वाचला, बोट ठेवून, जसे मी त्याला कवचाचा नकाशा वाचायला शिकवले होते तसे. पाचव्या कलमावर थांबला.

"हे चुकलंय, मामा. व्यवस्थापक समोर नव्हते. फोनवर बोलले. लाइनवर मी एकटा होतो. न ठोकता ऱ्हाता आलं असतं."

"तवा तर समोर होते म्हणालास."

"तवा तुमच्या शिव्यांचं भेव होतं."

मी म्हणालो, हे लिहिले तर हुकूम दिल्याचा कोणी साक्षीदार उरत नाही. सगळे त्याच्यावर येईल. तो म्हणाला, "मंग माप खोटं लिवायचं का?"

म्हणून पाचव्या कलमातील ते शब्द मी खोडले आहेत. त्या जागी "व्यवस्थापक फोनवरून म्हणाले" असे वाचावे. समासात माझी व भीमराजची आद्याक्षरी सही आहे. मग तो म्हणाला, साक्षीदार म्हणून मी सही करणार. वकीलबाई फोनवर म्हणाल्या, बायकोला जमीन मिळत असताना नवऱ्याने साक्ष करू नये, उद्या बोट ठेवतील. ऐश्वर्याला फोन लावला. ती म्हणाली, "जमीन आईच्या नावानं करा. सही त्यांना करू द्या." एवढेच बोलली. रडत होती की नाही हे कळले नाही, कारण फोन तिने लगेच ठेवला. यावरून नवव्या कलमातील खाडाखोड.

हे लिहीत असताना घराबाहेर एक गाडी थांबली होती. कमलबाई, भीमराज आणि मी, तिघेही दाराकडे पाहू लागलो. ती केळीच्या व्यापाऱ्याची निघाली.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो बरोबर आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सटवाजी लखमाजी खिल्लारे
ठिकाण : डोंगरकडा
दिनांक : १९ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार पहिले : धम्मानंद खंदारे, राहणार डोंगरकडा. सटवाजी यांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरे : भीमराज वाढवे, मूळ राहणार डोंगरकडा. सटवाजी यांनी माझ्यासमोर सही केली. पाचव्या कलमातले अकरा दिवस शिक्का माझ्या हातात होता. ही सही डाव्या हाताने केली आहे, मी नेहमी त्याच हाताने करतो.