न सरकलेला सिग्नल

४ डिसेंबर, सकाळी ८.४०
आजपासून रोजनिशी. प्रयोगाच्या वहीत मनातले लिहिता येत नाही.
धातू उणे २७२ अंशांपर्यंत थंड केला. आत इलेक्ट्रॉनच्या जोड्या जमतात. रेडिओलहरींचा झटका, म्हणजे पल्स, दिली की धातूतून सिग्नल येतो. जोडीतले दोघे उलट तोंडाचे असते तर सिग्नल सरकला असता. सरकला नाही! म्हणजे दोघांची तोंडे एकाच दिशेला. जग वर्षानुवर्षे भांडते आहे आणि उत्तर सापडले क्योतोत, कॉलेज अर्धवट सोडलेल्या तंत्रज्ञाला. माझे कंत्राट मार्चअखेर संपते. प्रयोगशाळेचे प्रमुख हातानाका सर म्हणाले, निकाल टिकला तर तुम्हीही टिकाल.

९ डिसेंबर
पल्सचा जोर आणखी वाढवला. सिग्नल फार सुबक.
वहीच्या पानावर माझ्या नावाचा शिक्का सरळ मारला. आमच्याकडे कनिष्ठाने तो साहेबांच्या शिक्क्याकडे जरा कलता मारायचा, वाकून नमस्कार केल्यासारखा. परिषदेला पाठवलेल्या शोधनिबंधात माझे नाव येणार आहे. यापुढे कलणे बंद.

१६ जानेवारी
पीएचडी करणाऱ्या इगाराशीबाईंनी विचारले, अहो कुरोसे, धातू मोजताय की मासा भाजताय? थर्मामीटर हललेला नाही, असे मी ठणकावले. त्या म्हणाल्या, तो बिचारा बाहेर बसलाय, त्याला आतली धग काय कळणार?
मत्सर. दुर्लक्ष करायचे ठरवले. जेवण गेले नाही.

२ फेब्रुवारी
आईचा फोन. नोकरी पक्की झाली का रे? झालीच म्हण, असे सांगितले. तिने आनंदाच्या प्रसंगी करतात तो लाल भात शिजवून शेजारी वाटलासुद्धा.
संकल्प : शिक्का यापुढे दोन्ही हातांनी धरायचा.

१९ फेब्रुवारी, दुपारी ३.१५
इगाराशीबाईंनी अगदी हलकी पल्स दिली. सिग्नल सरकला.
तारा चार वेळा तपासल्या. स्वतः हलकी पल्स दिली. सरकला. जोर वाढवला, परत जागच्या जागी. त्या म्हणतात, माझ्या जोरदार पल्सने धातू क्षणभर तापतो, जोड्या मोडतात, आणि मी मोजतो तो नुसता साधा धातू.
फेब्रुवारीत धातू वेगळा वागत असावा.

२६ फेब्रुवारी
सरांनी वही चाळली. ९ डिसेंबरपासून दोनशे तेरा पाने. प्रत्येक पानावर पल्सचा जोर, शेजारी माझा लाल शिक्का, सरळ. जोर कोणी वाढवला, हे विचारावेच लागले नाही. सर हळू आवाजात म्हणाले, इतक्या नीट नोंदी कोणी ठेवत नाही, म्हणून तर चूक इतकी स्वच्छ दिसते.
हे कौतुकच धरायला हरकत नाही.

२० मार्च, दुपारी
परिषदेतून निबंध मागे घेतला. कारणाचे पत्र मीच लिहिले. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. कंत्राटाबद्दल सरांनी फक्त एवढेच विचारले, टेबल कधी रिकामे कराल? आईला अजून कळवलेले नाही.
पत्रावर सरांच्या शिक्क्याशेजारी माझा मारला. दोन्ही हातांनी सरळ धरला होता. तरी कललाच.
टेबल तिरके असावे.