आमच्या घरी फक्त प्रार्थना होते

३ मार्च

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा पोहोचले. सोबत मी पाठवलेले गाठोडेही परत आले. दोन बनियन, लोकरी टोपी (तुरुंगाच्या नियमात बसत नाही म्हणे) आणि साबणाची वडी, मधोमध चिरलेली. आत काही लपवले आहे का ते पाहिले असावे. गाठोड्याचे जाण्यायेण्याचे हशील आपल्यालाच पडले. पत्रावर तिकीट कमी होते म्हणून त्याचे दुप्पट भरले. वर पत्राला चार खिडक्या! सरकारने मजकूर कापून स्वतःकडे ठेवला आणि हशील मात्र अख्ख्या कागदाचे घेतले. मी टपालबाबूला तसे म्हटलेही, पण तो तेवढ्यात गोऱ्यांच्या खिडकीकडे पळाला. बाबू एकच, शिक्का एक, डिंकाची बाटलीही एक. खिडक्या तेवढ्या दोन. तिकडचा शेवटचा माणूस निघेपर्यंत आपण इकडे उभे राहायचे. बिचाऱ्याचे त्या फेऱ्यांनी पाय दुखतात.

पहिली खिडकी अगदी वर, ‘ती. ताईस’ याच्या पुढेच कापलेली. त्यावरून मला कचेरीत बोलावणे आले. तिथे पत्रे वाचणारे एक साहेब आहेत. आपली भाषा ते पुस्तकावरून शिकले आहेत आणि पुस्तकात बहुधा कुणी कुणाला पत्र लिहीत नसावे. त्यांनी मला फार सभ्यपणे विचारले की हे सा., न., वि. आणि वि. असे चौघे कोण, आणि शेवटचे दोघे भाऊ-भाऊ आहेत काय. मी म्हटले, साहेब, तो साष्टांग नमस्कार आहे, आणि पुढची विनंती विशेष. त्यांनी ते लिहून घेतले. मग कागदावर साष्टांग कसा घालतात हेही विचारले.

माणूस वाईट नाही. त्यांनीच मला तो छापील माफीनामा दाखवला. झाले ते चुकले, पुन्हा पत्रके छापणार नाही, सभेला जाणार नाही, एवढेच आहे त्यात. खाली सही केलीस की दार उघडे. बाळा, सही कर. तुझ्या मनात काय आहे ते देवाला ठाऊक आहे, सरकारला कशाला कळायला हवे? आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत चालला आहे. दिवेलागणीनंतर ती आता माणसे आवाजावरून ओळखते. नजर आहे तोवर तुला बघायचे, एवढे एकच तिचे मागणे आहे.

आमची माया तुझ्यापाशी आहेच, तू तिची किंमत ठेवावीस.

तुझी ताई

ता. क. पत्र वाचणाऱ्या साहेबांना नमस्कार.


२१ मार्च

ती. ताईस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

यापुढे पूर्णच लिहीन. त्या चौघांना माझ्यापायी अटक नको.

साबणाचं वाईट वाटलं. इथला साबण अंगाला लावला की अंगच झिजतं. बाकी मी मजेत आहे. आमच्याकडे व्यवस्था चोख असते. गोऱ्या कैद्याला पाव आणि मोजे, आपल्या माणसाला पेज आणि अनवाणी पाय. पलीकडच्या कोठडीत एक गोरा चांभार आहे. तो बसमध्ये मागे, आपल्या बाकावर जाऊन बसला आणि उठेना, म्हणून आत आला. कलम आमचं दोघांचं एकच. त्याने अर्ज केला की मलाही पेजच द्या. त्याबद्दल त्याला अंधारकोठडी मिळाली. इथे जो तो आपल्या पायरीने राहावा याची फार काळजी घेतात.

आता सहीचं. ताई, मी छापखान्यातला जुळारी माणूस. खिळे जुळवण्यात माझी उमर गेली. टक्कल जाऊन केस उगवण्याच्या तेलाच्या जाहिराती मी जुळवल्या, साहेब लोकांची भाषणं जुळवली, मेलेल्या सावकारांची स्तुती जुळवली. त्यातलं खरं किती होतं ते तुलाही माहीत आहे. पण त्या कशाखालीही माझी सही नव्हती. पहिल्यांदाच मला पटलेला मजकूर हाती आला, तो जुळवला, आणि तेवढ्याचीच माफी मागू म्हणतेस?

शिवाय साहेबांनी तुला त्या माफीनाम्याचं पहिलंच पान दाखवलेलं दिसतं. दुसऱ्या पानावर (इथे कागद कापलेला आहे.) म्हणून माझा हात धजत नाही.

आईला म्हणावं, डोळ्यांना जप, उन्हात जाऊ नको. तिला काय सांगायचं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा


१४ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद, पण या वेळी एकच.

तुझे तेलाचे आणि सावकाराचे वाचून तुझे भावोजी पोट धरून हसले. मला हसू आले नाही. बाणेदारपणा ही फार स्वस्त चीज आहे, कारण तिची भरपाई घरातले करतात. आईने तुझ्या पत्रावरून नुसता हात फिरवला. तिला खिडकी बोटाला लागली, तर विचारते, इथे काय होते? मी सांगितले, तुझी खुशाली विचारली होती.

तुझे ते पत्रक अखेर वाचले. भाजी बांधून आले होते, म्हणजे झडती घेणाऱ्यांनी सगळी नेली नाहीत. मला वाटले होते राजाला सिंहासनावरून ओढा असे काही असेल. त्यात एवढेच की, पूर्ण भाडे भरणाऱ्याला रिकाम्या बाकावर बसू द्या. अरे, हे मी कितीतरी वर्षे घरात बोलत आले आहे! पैसे सारखे घेता आणि आम्हाला इंजिनाच्या धुरात मागे बसवता, तेही पुढे सगळे बाक रिकामे असताना. शुद्धलेखनाच्या दोन चुका मात्र आहेत. मॅट्रिकला बसला असतास तर त्या झाल्या नसत्या.

गल्लीतल्या बायकांनी बस सोडली आहे. सगळ्या पायी जातात. मीही पायीच जाते, पण मी बहिष्कारात नाही, मी काटकसरीत आहे. हे सगळ्यांना स्पष्ट सांगितले आहे. त्यांनी मान डोलावली आणि मला सगळ्यांच्या पुढे चालायला लावले, कारण माझी चाल झपाट्याची आहे म्हणे.

दुसरे म्हणजे, दहापेक्षा जास्त माणसांनी जमायला आता बंदी आहे. प्रार्थनेला तेवढी सूट आहे. तेव्हापासून गल्लीत भक्तीला पूर आला आहे. गुरुवारी संध्याकाळी आपल्या घरात पाय ठेवायला जागा नसते. दाईबाईने जन्मात कधी देवापुढे हात जोडलेला मी पाहिला नव्हता, आता ती सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी अडवते. देवालाही संकोच वाटत असेल. आपल्याच घरी का, म्हणून मी विचारले, तर धोबीण म्हणाली की तुमच्या घराची झडती होऊन गेली आहे, तिथे आता सापडण्यासारखे काही उरलेले नाही. प्रार्थना मी पूर्ण म्हणवून घेते, एकही कडवे गाळू देत नाही. त्यानंतर कुणाची पोरे कुणी सांभाळायची, कुणाच्या म्हाताऱ्याला कुणाच्या हातगाडीवर बसवून कामाला पोहोचवायचे, एवढी घरगुती बोलणी होतात. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे याच बायकांनी गाडीवरून नेले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकू द्या, मग पाहू. म्हणजे आधी पूर्ण आंधळे व्हा.

एक गोष्ट मात्र तुला सांगायलाच हवी. त्या गर्दीत आई परवा अचानक बोलली. आईचे वडील वर्षभर ‘व्यापाराला’ गेले होते असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते तुरुंगात होते! समोरून गोरा आला की आपल्या माणसाने फुटपाथवरून खाली उतरायचे, असा तेव्हा कायदा होता. आजोबा उतरले नाहीत. दंडही भरला नाही. सुटून आल्यावर पहिल्याच दिवशी पुन्हा त्याच फुटपाथवर गेले आणि पुन्हा आत. आईला शाळेत सांगायला लाज वाटे म्हणून आजीने व्यापार काढला. तो कायदा नंतर रद्द झाला. कुणाच्या अंगात आपल्याविषयी दया आली होती म्हणून नव्हे, आत टाकायला जागा उरली नाही म्हणून, असे आईचे मत आहे. आई हे सगळे वाती वळता वळता बोलली.

तरीही माझे म्हणणे तेच. आजोबा परत आले तेव्हा आजीची नजर शाबूत होती. सही कर.

तुझ्यावर जीव आहे म्हणून बोलते, एवढे ध्यानी असू दे.

तुझी ताई


२ मे

ती. ताईस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

व्यापारी घराण्यात जन्मलो हे वाचून धन्य झालो. तुझं पत्र या वेळी अखंड आलं, एकही खिडकी नाही. साहेबांना प्रार्थनेचा भाग बहुतेक आवडला. म्हणूनच जरा धास्ती वाटते.

चांभाराला भिंतीवर टकटक करून आजोबांची गोष्ट सांगितली. त्याने उलट विचारलं की त्यांच्या पायांत बूट कुठले होते. आपापला धंदा कुणाला सुटत नाही.

ताई, तू काटकसरीत आहेस हे मी मानतो. पण सगळ्यांच्या पुढे चालणाऱ्या बाईच्या घरी आज ना उद्या कुणीतरी येईल, आणि तो ओरडणारा नसेल, गोड बोलणारा असेल. माझ्याकडे ते असेच आले होते. त्या वेळी तुला जे योग्य वाटेल ते कर. मी तुला उपदेश करणार नाही. उपदेशाचा मक्ता आपल्या घरी तुझ्याकडे आहे.

आईच्या पायांवर डोकं. तुझी सावली आमच्यावर राहो.

तुझा धाकटा


२६ मे

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

या पत्रातला मजकूर वाचणाऱ्या साहेबांनी कृपा करून कापू नये. यात गुप्त असे काही नाही. जे घडले तेव्हा साहेब स्वतः आमच्या घरी खुर्चीवर बसलेले होते.

ते मंगळवारी दुपारी आले. हे दुकानावर होते, घरी मी आणि आई. आईने चाचपडत जाऊन पाणी आणून दिले. ते पेल्याला शिवले नाहीत, पण आभार मानले. मग माझी फार स्तुती केली. मी देवभोळी, नीटनेटकी, पैशापैशाचा हिशेब ठेवणारी, अशा बाया दोन्हीकडच्या समाजात कमी असे म्हणाले. मला वाटले आता बसभाडे कमी करतात की काय. त्यांनी एक कागद काढला. दर गुरुवारी प्रार्थनेला कोण कोण आले आणि नंतर कोण काय बोलले, हे मी दर शुक्रवारी लिहून द्यायचे. तुम्हाला नोंदी ठेवायची सवयच आहे, म्हणाले. त्या बदल्यात रविवारच्या आत तू घरी. तुझा माफीनामा नको, तुझी सही नको. माझी पुरे.

तुझ्या पत्रातल्या खिडकीत काय होते ते मला तेव्हा कळले. तुझ्याकडूनही नावेच मागितली होती ना?

खोटे कशाला सांगू, मी दौत घेऊन बसले. टाक बुडवला. आईचा चेहरा एकदम उजळला होता. तिला कागदावर काय आहे ते दिसत नव्हते, तिने ‘रविवार’ एवढेच ऐकले होते. तुझे अंथरूण उन्हात टाकायला ती उठलीसुद्धा. मी मनाशी म्हटले, नुसती नावे तर द्यायची. गल्लीत कोण राहते ते त्यांना ठाऊक नाही का? पण पहिले नाव कुणाचे लिहायचे, तिथे अडले. सगळ्यांच्या आधी येते ती दाईबाई. तुझी भाची तिच्या हातावर जन्मली. तिला वगळावे तर पुढची धोबीण, आईची गाडी ढकलणारी. मी साहेबांकडून थोडा वेळ मागून घेतला आणि देवापुढे जाऊन बसले. एरवी मी देवाला सारखे काहीबाही मागत असते, त्या दिवशी नुसते सांग म्हटले. तो काही बोलला नाही. दर गुरुवारी न चुकता हजर असतो, बहुधा यादीत आपलेही नाव येईल म्हणून गप्प बसला असेल.

बाहेर येऊन मी कागद परत दिला. साहेबांनी कारण विचारले. तुझ्यासारखे खिळ्यांचे आणि सह्यांचे मला काही सुचले नाही. मी म्हटले, शाई संपली. दौत समोर काठोकाठ भरलेली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि आपली भाषा शिकल्यापासून पहिल्यांदाच त्यांना शब्द सापडला नाही असे दिसले. जाताना मात्र सापडला. तुझी मुदत आणखी वर्षभर वाढेल, म्हणाले. आणि आमच्या गुरुवारांचीही चौकशी होईल.

मग आईला सांगणे आले. ती अंगणात तुझी गादी झटकत होती. मी सगळे सांगितले, एकही कडवे गाळले नाही. तिने गादी झटकून संपवली. मग म्हणाली की बायकांचा तुरुंग वेगळा असतो का, आणि तिथे आपल्या माणसांना घरची घोंगडी चालते का. ते विचारून ठेव, म्हणजे ऐन वेळी धावपळ नको. गादी तिने आत नेऊन घडी करून ठेवली. माझ्याशी ती नीट बोलते, जेवते. रात्री तिला झोप नसते, मलाही नसते. आम्ही दोघी एकमेकींना झोप लागली आहे असे भासवतो.

गुरुवारी प्रार्थना झाली. कुणाला काही सांगितले नव्हते, तरी सगळ्यांना कळलेले होते. दाईबाईने चक्क सगळी कडवी म्हटली, तीही पाठ.

पण धाकट्या, एक गोष्ट मला खाते आहे. तू नाही म्हणालास ते स्वतःच्या जिवावर म्हणालास. मी नाही म्हणाले ते तुझ्या जिवावर, तुला न विचारता. वर्षभर पेज तू खायचीस आणि ताठा माझा! तुझ्या जागी मी असते तर बहिणीला काय म्हटले असते, ते ठरवता येत नाही. आईला तोवर दिसेनासे होईल, हेही त्यातच धरायला हवे. तू मला शहाणी म्हणू नकोस, माझी समजूतही घालू नकोस. तुला राग आला असेल तर राग आला असेच लिही, मी ते आईला वाचून दाखवणार नाही. आला नसेल तर तेही लिही, ते मी तिला दोनदा वाचून दाखवीन. सोबत तिकीट लावलेले पाकीट घातले आहे, पुरेपूर हशिलाचे. जे काय असेल ते उलट टपाली कळव.

तुझी ताई