तेजाचा आकडा

सोमवार
पोचलो एकदाचा! चष्म्याच्या दुकानावरची खोली मिळाली आहे. खिडकी मोठी, वर गच्ची, गच्चीवर काकांची दुर्बीण. काका म्हणजे दुकानाचे मालक, हौशी आकाशवेडे. त्यांनी आजवर टिपलेले धूसर तारे संगणकातल्या आकाशाच्या नकाशात भरायचे, हे माझं काम. एका ओळीत नाव, जागा, तेजाचा आकडा. फाइल जतन केली की नकाशात ठिपका! निघताना बाबा म्हणाले, कॉलेज सोडून अकलेचे तारे तोडलेसच, आता ते मोजत बस. मी दार आपटलं. जिच्यावर माझा जीव आहे, ती मात्र हसली. म्हणाली, जा, पण फोन करत जा.

मंगळवार
काका पेंगल्यावर नकाशात एक रिकामा कोपरा शोधला आणि तिचं नाव भरलं. तेज चौदा. तिच्या बाबतीत कंजूषपणा कशाला? अंधार पडताच दुर्बीण तिकडे वळवली. तिथे खरंच बारीकशी ठिणगी! काका म्हणाले, इथे तर काहीच नव्हतं.

गुरुवार
फोन केला. तिचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा. बसवाला तिच्यासमोरून निघून गेला. तिच्या आईनं सगळ्यांची पानं मांडली, हिचंच नाही. मी भडकलो, म्हटलं, तुझ्या घरचे आंधळे आहेत का? ती म्हणाली, अरे, आरशातही मी पुसट दिसते.

शुक्रवार
काकांना सगळं सांगितलं. ते पांढरेफटक पडले. गाढवा, म्हणाले, हा आकडा उलटा चालतो! मोठा आकडा म्हणजे मंद तारा. चौदाचा तारा नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. जिवंत माणसाचं नाव घातलंस कशाला? आता हात लावू नकोस, आणि पुसू तर नकोसच. त्यांनी एकदा एक ओळ पुसली होती. कुणाची ते त्यांना आठवत नाही. त्यांच्या घरात बायकांच्या चपला आहेत, कुणाच्या ते कळत नाही.
हातावर हात ठेवून बसू? ते खाली उतरले आणि मी चौदाचे उणे दहा केले.

शनिवार
भरदुपारी आकाशात तारा. रस्त्यावर सगळे माना वर करून उभे.
तिच्या भावाचा फोन — ताप. हात लावला तर पोळतो. उशी करपली. बंद दाराखालून उजेड येतोय, म्हणाला.
सहा टाकले. जतन केलं. परत उणे दहा. शून्य टाकलं —
उणे अकरा. मी नाही टाकले.

रविवार
उणे तेरा. पडदे पेटले. भाऊ रडतोय, ती आतून ओरडतेय —
पुसतो. मी विसरलो तरी चालेल. ती जळायला नको. आधी इथे लिहून ठेवतो. डाव्या भुवईवर व्रण. भांडण झालं की आधी तीच —
वेळ नाही. पुसतो.

पुसलं. आकाश रिकामं.
फोन कानाशी आहे. पलीकडे कुणीतरी अनोळखी. म्हणतो, मला बहीण नाही, तुम्हाला कोण हवंय?
मला हवी होती —