साहेबाच्या खुर्चीचा खुंटा

बा, असा ठोकतात का कुणी खुंटा? माणूस मरून इतकी वर्षं झाली तरी हलू न्हाई, असा? होडी तुमची, खुर्ची तुमची, त्यात बसायची हौस तुमची, अन् हाताची सालं माझी निघून राहिली. घण मारला, पहार घातली, रॉकेल ओतलं, तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या सात पिढ्यांत मी बी येते हे मागून ध्यानात आलं. खुंटा जिथल्या तिथं. जित्तेपणी तुमी कुणाचं ऐकलं न्हाई, आता तुमचं लोखंड बी ऐकत न्हाई.

तुमी म्हणाल, राहू दे की, काय खाऊन राहिला तुला. खातोच हाय. धरणाच्या साहेबाची ही पत्र्याची होडी मोडीत निघाली अन् तुमी ती आणली, तवा तिची गोल फिरती खुर्ची बी कौतुकानं घरी आली. खुर्ची कवाच सडून गेली, खाली तिचा पाइप तेवढा उरला, होडीच्या मधोमध, गुडघ्याएवढा. जाळं ओढताना दोर त्यालाच अडकतो. मागल्या महिन्यात वारं सुटलं, दोराचा फास खुंट्यावर बसला अन् तुमच्या जावयाची दोन बोटं दोराच्या अन् लोखंडाच्या मधी सापडली. चिपाडासारखी चेचली. एक काढून टाकलं, एक वाकडं राहिलं. हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टर मला विचारतो, बाई, घरात भांडण झालं का? म्हटलं, व्हय, मेलेल्या माणसासंगं. आता जाळं मलाच ओढायचं हाय. माझी दहा बोटं हायेत तवर हा खुंटा निघाला पाहिजे, एवढंच मला कळतं.

औंढ्याहून वेल्डिंगवाला आणला. पान थुंकून म्हणतो, "मावशी, बुडातून कापून टाकू. एका झटक्याचं काम."

"अन् खाली खुट राहील त्यावर माझा पाय फाटला तर?"

"बराबर घासून देतो ना."

"तळाचा पत्रा कागदावानी झालाय. तुझ्या आगीनं भोक पडलं तर?"

"तर डांबर लावा."

"तुझ्या तोंडाला लावते, ये."

गेला बिचारा, टाक्या पुन्हा गाडीला बांधून. मंग म्याच घण उचलला. पदर खोचला, होडीत पाय फाकवून उभी राहिले अन् खुंट्याच्या कानशिलात द्यायला लागले. एक डावीकडून, एक उजवीकडून. तुमच्याकडूनच शिकले, मारताना थांबायचं न्हाई, थांबलं की समोरच्याला दम भेटतो. जित्तेपणी मी तुमाला 'तुमी' सोडून बोलले न्हाई, पण त्या दिवशी दर घावाला 'हल ना रे मुडद्या' म्हणत होते. आवाज पार धरणाच्या भिंतीवर आपटून माघारी येत होता. पत्र्याला पोचे पडले. घण दांड्यातून सुटला अन् पाण्यात गेला, थोडक्यात माझं टाळकं वाचलं. जावयानं बसल्या जागेवरून विचारलं, "कोण जिंकून राहिलं?" म्या उरलेला दांडा त्यायच्या दिशेनं भिरकावला.

अन् एवढं मारून रोज दिवस मावळला की मी काय करायचे? घमेल्यानं पाणी आणायचे अन् होडीवर मारायचे. आतून, बाहेरून, खुंट्याच्या बुडाशी जरा जास्तच. हे तुमचंच शिकवणं. आपली लाकडाची होडी होती तवा उन्हाळ्यात पाणी आटलं की ती काठावर पालथी असायची, अन् तिला भिजवायचं काम माझं. वाळली की फळ्या उकलतात, म्हणायचे तुमी. एकदा मी पोरीयसंगं खेळत बसले अन् पाणी मारायचं राहिलं. तुमी ओल्या दोरानं मला सोलून काढलं अन् पालथ्या होडीखाली ढकललं. वरून ओरडले, "बघ, कुठून कुठून उजेड येतो ते. तितक्या जागेतून पाणी येतं." मी आत अंगाचं मुटकुळं करून पडलेली, अन् फटीफटीतून उन्हाच्या बारीक काड्या माझ्या अंगावर पडून राहिल्या होत्या, बराबर तुमच्या वळांवर. तवापासून होडी दिसली की माझा हात घमेल्याकडं जातो. लाकडाची का पत्र्याची, हात विचारत न्हाई.

जावयानं विचारलं शेवटी. बांधलेला हात गळ्यात अडकवून बघत होते. म्हणाले, "काहून गं, पत्र्याला बी तहान लागती का?"

"गप बसा."

"न्हाई, पाज की. तुझ्या बापाची होडी हाय. दूध बी पाज."

मी घमेलं घेऊन तशीच उभी राहिले. कारण एक गोष्ट मला दिसत होती अन् मी भास म्हणून सोडून देत होते. भर उन्हात घाव घातला की खुंटा जरासा कुरकुरायचा, अन् सकाळी पुन्हा दगड. लोखंड काही पाणी पिऊन फुगत न्हाई. मंग आत पाणी पिणारं काय हाय?

होडी ओढून खडकावर घेतली अन् भादव्याच्या उन्हात टाकली. ढग आला की वरून ताडपत्री. पाण्याचा थेंब दाखवला न्हाई. संध्याकाळी हात शिवशिवायचे, ते मांडीखाली दाबून बसायचे. मंग एका दुपारी बुडावरचं डांबर गवऱ्यांच्या निखाऱ्यानं मऊ केलं, खुरप्यानं खरवडलं, पाइपाच्या वरच्या भोकात पहार घातली अन् अंगाचा सगळा भार टाकला. अडलेली बाई ओरडते तसा ओरडला अन् फिरला. उपसला तवा मी मागं पडले, डोकं काठावर आपटलं, रगत कानामागून गळ्यात आलं. पडल्या पडल्या हसले, बा. तुमच्या नाकावर टिच्चून हसले.

पाइपासंगं लाकडाच्या पाचरी बाहेर आल्या. बाभळीच्या, काळ्या पडलेल्या. खुर्ची डुगडुगते म्हणून पाइप बसतो त्या खालच्या नळीत तुमी पाचरी ठोकल्या होत्या अन् वरून डांबर ओतून तोंड बंद केलं होतं. अन् मी त्या पाचरी रोज पाणी पाजून फुगवत होते. स्वतःवर थुंकावं वाटलं. एक पाचर खुरप्यानं साफ केली. त्यावर तीन टिपके निघाले. दोन खाली, एक वर.

मायच्या हनुवटीवर गोंदलेले होते तसे. तुमा दोघांची वल्ही सारखी दिसायची म्हणून तिनं खिळा लाल करून आपल्या वल्ह्याच्या मुठीवर ते डागले होते. तो दिवस तुमी विसरला असाल तर मी सांगते. तुमी खुर्चीत बसलेले, माय वल्हं मारून राहिलेली. तुमी बोट दाखवायचे, डावीकडं घे, उजवीकडं घे. होडी खडकाला घासली. तुमी तिला आंधळी म्हणाले. माय म्हणाली, "बसून बोट दाखवायला साहेब झालात, एकदा उतरून वल्हं बी मारा." काठावरचे चार लोक हसले. तेवढंच झालं होतं. तुमी काठावर उतरता, तिच्या हातातून वल्हं घेता, अन् ती वाकून जाळं उचलते तशी तिच्या पाठीत घालता. एकदा. दोनदा. मी जाळं सांधता सांधता उठून धावले तवा तुमच्या कोपराचा फटका माझ्या तोंडावर बसला, हा पुढचा दात तवाच गेला. वल्हं मोडलं तवा तुमी थांबले. हसणारे लोक कवाच निघून गेले होते.

त्यानंतर मायला एका कुशीवर कधी निजता आलं न्हाई. श्वास घेताना हात बरगडीवर धरायची. पण तुमाला ती मार विचारायची न्हाई, वल्हं विचारायची. "माझी मूठ कुठं हाय? पातं मोडलं, मूठ तर असंल. दुसरं पातं जोडते." तुमी म्हणायचे, गेली वाहून. ती काठाकाठानं चिखलात शोधायची. मरायच्या आधल्या दिवशी बी मला म्हणाली, पाणी उतरलं की बघ गं. अन् मूठ कुठं होती? तुमच्या बुडाखाली. पार तुमी जाईस्तोवर तुमी तिच्यावर बसून गोल गोल फिरत होते.

मला एवढंच सांगा, काहून? खुर्ची हलत होती अन् लाकूड हाताशी होतं म्हणून ठोकलं? तुमी तसे हायेतच, तुटकी चप्पल बी टाकायचे न्हाईत. का तिनं पुन्हा वल्हं हातात घेऊ न्हाई म्हणून गाडलं? का ती मूठ कुणाला दिसू न्हाई, तुमाला बी, म्हणून वरून डांबर ओतलं? मला माफीबिफी नको. तीन रस्ते हायेत, कोणता ते सांगा. मी चौथी शिकलेली बाई, एका बोलाचं उत्तर मला पुरतं.

पाचर चुलीत घालायला नेली होती. माघारी आणली. वाळल्यावर किती हलकी झालीय. हा कागद तिलाच गुंडाळून फडताळात ठेवते, कुठं धाडणार? मायचं पान नवमीला ठेवलं, कावळा लगेच आला. तुमचं पान अमावस्येला असतं. पोटी पोरगा न्हाई म्हणून तुमचे जावईच ठेवतात, ज्यायला तुमी जन्मभर फुकट खाणारा म्हणाले, तेच. या साली मी त्यायला सांगून टाकलंय, मी म्हणल्याशिवाय माझ्या बापाचं पान वाढायचं न्हाई. अन् खरं सांगते, तांदूळ म्या निवडून ठेवलेत. धुतले न्हाईत. सर्वपित्रीच्या दिवशी चूल पेटायच्या आत उत्तर पाहिजे.