बर्फाखालच्या तळ्याचा रिपोर्ट

१२ जानेवारी
फौजेतून रिटायर होऊन सात महिने झाले. बावीस वर्षं कानाला वायरलेसचा हेडफोन, आणि आता गावातली ही शांतता. दुपारी तर अंगावर येते. तीनदा उसाला चक्कर मारून आलो. उसाला माझी काही गरज नव्हती. बायको, सुनंदा, म्हणाली, "आवं, बसा की जरा. पाय हायत का चाकं?"
बसलो. मोबाईलवर सहज टाकलं, रेडिओची खरखर. चिली देशातल्या एका माणसाने त्या खरखरीच्याच कॅसेटी काढल्यात! स्टेशन सापडायच्या आधीचा आवाज, ज्याने आमची डोकी उठायची, तो या गड्याने अर्धा तास नुसता वाजू दिलाय. आणि लोक बसून ऐकतात. मीही ऐकला, दोनदा. फार बरं वाटलं. का ते कळेना.

१५ जाने.
वही वेगळी केली. सवय जात नाही. सिग्नलच्या रिपोर्टसारखं: देश, वेळ, आवाजाचा जोर पाचपैकी, साफ पाचपैकी.
जपान. फ्रीजची घरघर, २० मि. जोर ४, साफ ५.
इंडोनेशिया. पत्रे आणि बांबू. भांडतायत की वाजवतायत कळत नाही. जोर ५. पुन्हा ऐकणे.
पोलंड. झांजेच्या कडेवर सारंगीचा गज. अंगावर काटा. साफ ५.
सगळी एकेकटी माणसं, आपापल्या खोलीत बसून केलेलं. ना सिनेमा, ना कंपनी.
सु. म्हणाली, "मिक्सरात खडा गेल्यागत वाजतंय. ह्येला गाणं म्हणत्यात?" म्हटलं, गाणं नव्हे. "मग काय हाय?" सांगता आलं नाही. त्याचा राग तिच्यावर काढला. उगाच.

२१ जाने.
फिनलंडची एक बाई. नाव आइनो. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून आत माइक सोडते. चाळीस मिनिटं बर्फाखालचं पाणी, मध्येच बर्फ तडकतो, दूर कुठेतरी कुणीतरी तार छेडल्यासारखं. मी हललोच नाही. चहा निवला, सु.ने उचलून नेला.
अकराव्या मिनिटाला पाणी शांत होतं आणि एक शिट्टी सुरू होते. अगदी बारीक, एका पट्टीत, दम न घेता. तीच खरी करामत. बाकी सगळं तिच्या आधाराने उभं आहे.
ऐकलं तर पोच द्यायची, हा आमचा धर्म. पलीकडे कुणीतरी वाट बघत असतं. रिपोर्ट पाठवला, आमच्या मोडक्या इंग्लिशीत: सिग्नल मिळाला, पाटण तालुका, सातारा. जोर ३, साफ ४. अकराव्या मिनिटापासूनची शिट्टी अप्रतिम, ती कशी काढली कळवावे.
पाठवल्यावर वाटलं, कशाला हवं होतं.

२४ जाने.
प्राजक्ताचा फोन. सांगलीला कॉलेजात आहे लेक, हॉस्टेलवर. आईने कागाळी केलेली दिसते. "पप्पा, तुमी नॉइज ऐकताय म्हणं? आमच्या रूमवर सगळ्या म्हणाल्या लय भारी हायत तुझे पप्पा." भारी म्हणजे येडे, हे काय मला कळत नाही?
पण तिनेच आणखी चार देश पाठवले.

२८ जाने.
पठारावर गेलो. पवनचक्क्यांच्या बुडाशी. गेली कित्येक वर्षं रजेवर आलो की बघतोय, कधी ऐकल्या नव्हत्या. पात्याचा झपका, खाली खांबात गुणगुण. खांबाला कान लावून उभा होतो तर म्हशीमागची म्हातारी थांबली. "बरं न्हाई का बाबा?" म्हटलं, ऐकतोय. "काय म्हनतोय खांब?" आणि गेली की निघून, उत्तराला न थांबता.
मोबाईलवर रेकॉर्ड केलं. आइनोबाईला पाठवायचं की नाही? तिने अजून पहिल्याचं उत्तर दिलेलं नाही. दिवसातून दहादा बघतो. चाळिशी ओलांडली आणि ही तऱ्हा.

३ फेब्रुवारी
उत्तर आलं. बाईने मनापासून लिहिलंय. असा रिपोर्ट तिला आजवर कुणी दिला नव्हता, कागद छापून भिंतीवर लावलाय. पण तिच्या रेकॉर्डिंगात शिट्टी नाही. तिने मूळ रेकॉर्डिंग पुन्हा तपासलं, दोन मित्रांना ऐकवलं. अकराव्या मिनिटानंतर तिथे जवळजवळ काहीच नाही. मुद्दाम काही ठेवलेलं नाही.
आधी बाईचाच राग आला. मग मोबाईलवर संशय. मग इयरफोनवर. सु.चे लावून पाहिले. शिट्टी आहे.
मग काढले. परसात जाऊन उभा राहिलो. हौदापाशी. शिट्टी आहे.
डाव्या कानात.

४ फेब्रु.
कधीपासून? सात महिने? की गाव शांत म्हणून आत्ता कळली?
कोणाला सांगितलं नाही.

६ फेब्रु.
दुपारी देवळात कुणी नसतं. भजनाची पेटी काढली. शिट्टीची पट्टी तरी शोधू म्हटलं, निदान नाव तरी कळू दे. काळी पाच नव्हे. वरचा सा नव्हे. आणखी वर. आप्पा, भजनाचे म्हातारे बुवा, ओट्यावर पडले होते, उठून आले. "हवालदार, कुटली पट्टी धुंडाळतुयास रं?" म्हटलं, लय वरची आहे. "मग गा की, म्या धरतो." गाता येण्याजोगी नाही म्हटलं.
शेवटची पट्टी दाबली. शिट्टी तिच्याही वर. पेटी संपली.
आप्पा म्हणाले, एवढ्या वर कोणी गात न्हाई, घसा फाटंल.

१० फेब्रु.
सातारा. सु.ला सांगितलं, पेन्शनच्या कागदाचं काम आहे.
कानाच्या तपासणीला काचेच्या खोलीत बसवतात. हेडफोन. आवाज आला की बटण दाबायचं. म्हटलं, हा तर आपला धंदा! उजवा कान ठीक गेला. डाव्याला थोड्या वेळाने काही येईना, पण आवाज किती अंतराने येतात ते मला तोवर कळलं होतं. अंदाजाने दाबत राहिलो. ऑपरेटरची अक्कल.
मशीनवरची पोरगी दार उघडून म्हणाली, "काका, आत्ता मी काहीच लावलं नव्हतं."
कॉपी करताना धरल्यासारखं झालं. मान खाली. कुणाला फसवत होतो मी? पेपर माझाच होता.
पुन्हा घेतली. डॉक्टर म्हणाले, डाव्याचं बरंच गेलंय, उजव्यालाही सुरुवात आहे. गेलेलं येत नाही. उरलेलं सांभाळायचं. इयरफोन बंद. तीन महिन्यांनी पुन्हा, मग यंत्राचं बघू.
एस.टी.त खिडकीशी बसलो. उजवा कान खिडकीकडे येईल अशी जागा बदलून घेतली.

११ फेब्रु.
सु.ला सांगितलं. भाकरी थापत होती, हात थांबला नाही.
"मला ठावं हाय."
कसं?
"डाव्या अंगानं बोललं की तुमी नुसतं हसता. दिवाळीपासनं बघतीया."
मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "तुमी कवा इचारलं?"
चूक माझी, आणि चिडलोही मीच.

१९ फेब्रु.
डॉक्टरचं ऐकलं नाही. आठ दिवस कसेबसे काढले आणि आज अकरा देश ऐकले. एका दिवसात. आइसलँड, माली, पेरू, कोरिया, पुढचे लिहायचे राहिले. एकही नीट ऐकला नाही. दहा मिनिटांत पुढचा, पुढचा. जगात इतकं काय काय वाजतंय आणि मी आत्ता आलो, दुकानाचं शटर खाली यायला लागल्यावर.
संध्याकाळी शिट्टी दुप्पट. भीती वाटली. लिहून ठेवतो: भीती वाटली. गोळीबारात वाटली नव्हती अशी.

२२ फेब्रु.
प्राजक्ता रविवारची आली. इयरफोन मागितले. दिले नाहीत. तिने मग माझ्या उजव्या बाजूला येऊन, लहान पोराला सांगावं तसं सांगितलं, "पप्पा, मला तुमच्याशी फोनवर बोलायचंय. अजून लय वर्षं." दिले.
ते ती सांगलीला घेऊन गेली. एस.टी. हलेपर्यंत उभा होतो. खिडकीतून काहीतरी बोलली. मी हसलो. मग लक्षात आलं, आणि हात केला, काय? तिने पुन्हा सांगितलं: "जेवा येळेवर!"

१ मार्च
आइनोबाईला खरं कळवलं. शिट्टी तुमची नव्हती, माझी होती, मागचा रिपोर्ट रद्द समजावा. सोबत पवनचक्की पाठवली. हिशेब मिटला, असं वाटलं.

६ मार्च
मिटला नाही. पवनचक्की तिने तीनदा ऐकली म्हणे. आणि लिहिते, रिपोर्ट रद्द करणार नाही, भिंतीवरच राहील. नवं तळं पाठवलंय, आधीच्याहून हळू. याचाही रिपोर्ट हवा. "तुम्हाला ऐकू येईल तेच लिहा. मी तपासणार नाही."
कसला रिपोर्ट? कुठला आवाज तिचा, कुठला माझा, हे कळत नसलेल्या ऑपरेटरला आम्ही सेटवरून उठवत होतो. मीच दोघांना उठवलंय. त्यातल्या एकाचं तोंड आज दिवसभर डोळ्यांपुढे.

८ मार्च
दुपार. मोबाईल ओसरीवर, आवाज मोठा, इयरफोन नाही. सु. तांदूळ निवडत माझ्या उजव्या हाताला. तिला म्हटलं, तू सांग, मी लिहितो. तू काय ऐकतेस ते एका बाजूला, माझं दुसऱ्या बाजूला.
"काय बी सांगू?"
काय बी.
ती म्हणाली, घागरीत पाणी वाजतंय. मी लिहिलं. कोणीतरी वल्लं धुणं आपटतंय, लांब. लिहिलं. माझ्या कानात तेव्हा नुसता दाब होता. मग ती म्हणाली, "ह्ये बगा, आता लय ग्वाड वाजलं, आलं का?" नाही आलं. तिने हाताने हवेत दाखवलं, असं खाली उतरत गेलं म्हणून. तिला ते आवडलं होतं. मिक्सर म्हणणारीला. मला न आलेलं.
बाविसाव्या मिनिटाला तिने सूप खाली ठेवलं. "थांबलं बगा."
मोबाईलवर अजून नऊ मिनिटं बाकी दिसत होती. म्हटलं, चालू आहे.
तिने मोबाईल उचलून कानाला लावला, एकाला, मग दुसऱ्याला. "न्हाई बा. काय बी न्हाई."
मी उजवा कान लावला. होतं. शिट्टी नव्हे, ती वेगळी, तिला मी आता ओळखतो. हे खालून येत होतं, जड, सावकाश. बर्फावरून कुणी चालत असावं आणि ते आपण पाण्यातून ऐकावं.
"काय हाय?" सु.ने विचारलं.
सांगितलं.
तिने माझ्याकडे नीट बघितलं. आणखी काहीतरी बिघडलं का, हे बघत होती. मीही तेच बघत होतो.
"मग लिवा की."
लिहिलं नाही. तिच्या बाजूला बाविसाव्या मिनिटापुढे रेघ आहे, माझी बाजू तिथून पुढे कोरी. तिने सूप बाजूला सारलं, माझ्या आणखी जवळ सरकली आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.